पातेल्यांपुढच्या चिठ्ठ्या: शिकागोतल्या मिसिसिपीच्या मावशींना पत्र

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या गावाकडे वडीलधाऱ्या बाईला हाक मारताना नावाआधी 'मिस' लावतात. मराठीत त्या जागी मावशी बसते, म्हणून मावशी. पत्र मुद्दाम मराठीत लिहिलंय. संध्याकाळी तुमच्या खाणावळीच्या गल्ल्यावर बसणारी मराठी मुलगी ते तुम्हाला वाचून दाखवेलच. पण शिकागोतली बरीच मराठी मंडळी 'साउथचं (अमेरिकेच्या दक्षिणेकडचं) जेवण म्हणजे तळलेलं चिकन, आपल्यासाठी तिथे काय असणार' असं म्हणून तुमच्या दारावरून पुढे जातात, त्यांच्याही ते वाचनात यावं.

पहिले आभार चिठ्ठ्यांचे. स्टीम टेबलावरच्या प्रत्येक भांड्यापुढे तुम्ही स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवता. कोलार्ड, म्हणजे कोबीच्या जातीची पण गड्डा न धरणारी पालेभाजी, तिच्यापुढे 'डुकराचं हाड आहे'. चवळीपुढे तेच. कॉर्नब्रेडपुढे 'तव्याला बेकनची चरबी'. रताळ्याच्या पायपुढे (पाय, म्हणजे पारीत गोड सारण भरून भाजलेला पदार्थ) 'पारीत लार्ड', म्हणजे डुकराची चरबी. रताळ्यांवर मार्शमेलो भाजलेत त्या ट्रेपुढे 'जिलेटिन', तेही जनावराचंच. आणि डाव्या कोपऱ्यातल्या दोन लहान भांड्यांपुढे 'मांस नाही, डाव वेगळा'. या जेवणात 'भाजी' या शब्दावर भरवसा ठेवून चालत नाही, हे नवख्याला माहीत नसतं. साउथमधल्या हॉटेलांत एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या अशी थाळी मिळते, आणि त्या भाज्यांच्या यादीत मॅकरोनी-चीजही सुखाने बसलेलं असतं! फरसबी, चवळी, कोबी, सगळ्यांत मांस फोडणीसारखं पडतं. ते ताटात दिसत नाही, रसात असतं. वाढप्याला विचारलं तर 'यात मीट नाही' असं तो प्रामाणिकपणे सांगतो, कारण त्याच्या लेखी हाड म्हणजे मीट नव्हे, चवीपुरतं घातलेलं काहीतरी. श्रावण पाळणाऱ्याची आणि डुक्कर न खाणाऱ्याची तिथेच फसगत होते. तुमच्या चिठ्ठीमुळे ती टळते, आणि विचारायचा संकोचही वाचतो.

कोपऱ्यातल्या त्या बिनमांसाच्या पातेल्याबद्दल वेगळे आभार. नुसतं हाड वगळून पाला उकळला की काय होतं ते इतर ठिकाणी चाखायला मिळतं: कडवट, पाणचट, जिभेवर काहीच न राहणारं. हॅम हॉक, म्हणजे डुकराच्या पायाचा धुरी दिलेला सांधा, रसात चार गोष्टी आणतो: धूर, मीठ, चरबी आणि सांध्यातून सुटणारा चिकटपणा. हॉक काढला तर या चारही गोष्टी भरून द्याव्या लागतात. तुम्ही कांदा कडेने काळपट होईपर्यंत परतता, धुरी दिलेली पॅप्रिका घालता, तेलाला हात आखडत नाही, आणि रसाला अंग यावं म्हणून चवळी शिजवलेलं पाणी वापरता. पुरणाच्या डाळीचं वरचं पाणी काढून कटाची आमटी करणाऱ्यांना ही युक्ती समजावून सांगायला नको.

पाल्याची तुमची रीत इथे लिहून ठेवतो. तुम्ही ती कुणापासून लपवत नाही. साधारण २ किलो कोलार्ड, तीन पाण्यांतून. धुताना पाला भांड्यातून वर उचलायचा, पाणी ओतून द्यायचं नाही, नाहीतर तळाची वाळू परत पाल्यावरच बसते. मधला जाड देठ ओढून काढायचा, पानं एकावर एक रचून अळूवडीसारखी गुंडाळायची आणि बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या. दोन हॉक ३ लिटर पाण्यात आधी दीड-दोन तास एकटेच उकळतात, पाला नंतर. दोन्ही एकदम टाकले तर पाल्याचा गाळ होतो आणि हाड अजून मुकंच असतं. पाल्याला मंद आचेवर तासभर लागतो. मीठ अगदी शेवटी चाखून, कारण हाड मुळातच खारट. व्हिनेगरही आच बंद करताना, दोन मोठे चमचे. आंबट आधी पडलं तर पानाची दोरी मऊ व्हायला मागत नाही. चिंच घातल्यावर डाळ शिजायची थांबते, तसलाच प्रकार. ऑक्टोबरनंतर या भाजीची चव सुधारते ती तुमच्या हाताने नव्हे, असं तुम्हीच सांगता. थंडी पडली की पान आपल्यातल्या पिष्टाची साखर करतं. कडाक्याच्या गारठ्यात तोडलेला कोलार्ड त्यामुळे गोडसर लागतो.

उरलेला रस म्हणजे पॉटलिकर. तो तुम्ही वाटीत वेगळा देता, आणि न मागता देता. शिकागोत बऱ्याच ठिकाणी तो मोरीत जातो. १९३१ साली लुईझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटाचं एक वर्तमानपत्र यांच्यात एक जाहीर वाद रंगला होता: कॉर्नब्रेड पॉटलिकरमध्ये बुडवून खायचा की कुस्करून? लाँग बुडवणाऱ्यांतले. आम्ही कुस्करणाऱ्यांतले. भाकरी दुधात नाहीतर ताकात चुरून खाणाऱ्या माणसाला दुसरी बाजू घेताच येत नाही.

त्या कॉर्नब्रेडकडे येतो. तुमच्या ब्रेडात साखर नाही. इथल्या बहुतेक ठिकाणी कॉर्नब्रेड म्हणून जे मिळतं तो मक्याचा केक असतो, मऊ, गोड, निम्मा मैद्याचा. चहाबरोबर चांगला, पाल्याबरोबर नाही. मिसिसिपीकडचा ब्रेड पांढऱ्या मक्याच्या भरड पिठाचा, ताकातला, आणि तळाला कुरकुरीत. तुमचं प्रमाण: २ कप पीठ, १ चहाचा चमचा मीठ, १ चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, २ अंडी, पावणेदोन कप बटरमिल्क आणि ४ मोठे चमचे चरबी. दहा इंची बिडाचा तवा चरबीसकट ४५० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २३० सेल्सियसच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं तापतो. मग त्यातली बरीचशी चरबी पिठात ओतायची, ढवळायचं, आणि पीठ लगेच तव्यात. त्या क्षणी चर्र असा आवाज कडेपासून मध्यापर्यंत आला पाहिजे. नुसता कडेला आला, तर तवा मध्यभागी थंड आहे आणि ब्रेडचा मधला भाग तव्यालाच राहणार. पीठ पडल्या पडल्या खालचा थर तळला जातो, तीच कुरकुरीत पारी. गार तव्यात तेच पीठ धातूला धरून बसतं. वीस ते पंचवीस मिनिटांत काम होतं.

घरी करताना मराठी स्वयंपाकघरात तीन घोटाळे होतात. पहिला नावाचा. भारतात कॉर्नफ्लोअर म्हणतात ते मक्याचं पांढरं सत्त्व, सूप दाट करायचं. त्याचा ब्रेड होत नाही. मेक्सिकन दुकानात 'मासा' नावाने मिळतं ते चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, त्याची चवच वेगळी. हवं ते भरड कॉर्नमील. भाकरीचं बारीक मक्याचं पीठ असेल तर त्यात निम्मा मक्याचा रवा मिसळावा. दुसरा घोटाळा ताकाचा. इथलं बटरमिल्क दाट असतं, आपलं ताक पातळ. घरचं ताक त्याच मापाने ओतलं तर पीठ वाहतं आणि मध्ये खळगा पडतो. सव्वा कप आंबट दह्यात अर्धा कप पाणी घुसळलं की जमतं. तिसरा सोड्याचा. अर्धा चमचा सोडा साधारण एक कप बटरमिल्कचा आंबटपणा मारतो, उरलेला चवीसाठी राहिला पाहिजे. जास्त फुलेल म्हणून सोडा वाढवला की ब्रेड साबणासारखा लागतो. बेकनच्या चरबीऐवजी तूप चालतं, आणि छान चालतं. लोणी नाही, ते एवढ्या आचेला करपतं. अंडं मात्र टाळता येत नाही. मक्याला चिकटपणा नाही, हे मक्याची भाकरी थापताना ज्याच्या हातात तुकडे आलेत त्याला ठाऊक आहे.

ग्रिट्सच्या बाबतीत तुम्ही करता ते हॉटेलच्या हिशेबात बसणारं नाही. दळणारे मक्याचा अंकुर काढून, बारीक करून पाकिटात भरतात, ते ग्रिट्स पाच मिनिटांत होतात. तुम्ही जात्यावर भरडलेले वापरता. ते म्हणजे सरळ मक्याच्या कण्या. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवणाऱ्या घरातल्या माणसाला हा पदार्थ परका वाटायचं कारण नाही. आदल्या रात्री १ कप कण्या ४ कप पाण्यात भिजतात. सकाळी वर तरंगलेला कोंडा झाऱ्याने काढायचा, तो राहिला की दातात अडकतो. त्याच पाण्यात मीठ घालून आच, पहिली दहा मिनिटं हात न थांबवता, कारण गुठळ्या तेव्हाच होतात. नंतर मंद आचेवर तीन-चार मिनिटांनी एकदा ढवळत पाऊण-एक तास, आटेल तसं थोडं थोडं गरम दूध. मीठ सुरुवातीलाच, कणी फुगताना ते आत जातं. शिजल्यावर घातलेलं मीठ बाहेरच राहतं आणि कितीही घातलं तरी ग्रिट्स अळणी लागतात. चीज घालायचं ते आच बंद करून, उकळत्यात घातलं की त्याच्या तारा आणि गोळे होतात. कण्यांत अंकुर असल्यामुळे त्यात तेल असतं, ते खवट होतं, म्हणून पिशवी फ्रीझरमध्ये ठेवायची हेही तुम्हीच सांगता. साखर घालून मागणाऱ्याला तुम्ही साखरेची पुडी देता, पण बघता दुसरीकडे.

आता मासा. कोकणातल्या माणसाला कॅटफिश म्हटलं की नाक मुरडायची सवय, आणि ती अगदीच अन्यायाची नाही. तळ्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो. त्यामागचं द्रव्य जिओस्मिन. पहिल्या पावसात मातीचा जो वास आपल्याला वेड लावतो, त्यातही हेच मुख्य. अंगणात मृद्गंध, ताटात मात्र चिखल! तळ्यात ते काही सूक्ष्मजीव तयार करतात आणि ते माशाच्या चरबीत साठतं. मिसिसिपी डेल्टात, बेल्झोनीच्या बाजूला, कॅटफिशची तळी आहेत. तिथे मासा विकत घेण्याआधी कारखान्याची माणसं नमुना मीठमसाल्याशिवाय शिजवून चाखतात. वास लागला तर त्या तळ्यातला मासा तेव्हा घेत नाहीत. तुम्ही त्यावर आणखी दोन गोष्टी करता. फिलेच्या मधोमध जाणारी काळपट लाल पट्टी कापून टाकता, कारण चरबी तिथे जास्त. आणि तुकडे तासभर बटरमिल्कमध्ये ठेवता, आंबटात जिओस्मिन मोडतं. कोकम किंवा चिंच लावून नदीचा मासा करणारे घराघरांत हेच करत आलेत. मग कॉर्नमीलमध्ये घोळवून १७५ सेल्सियसला पाच-सहा मिनिटं. रव्यात घोळवलेल्या तुकडीची सवय असलेल्यांना हा मासा पहिल्या घासालाच आपला वाटेल. सोबत स्पॅगेटी का, हे मात्र आम्हाला अजून पटलेलं नाही. डेल्टाकडे तशीच पद्धत आहे हे मान्य. तरीही.

चिकनबद्दल इतकं लिहिलं जातं की थोडक्यात आटोपतो. किलोला १५ ग्रॅम मीठ चोळून, बटरमिल्कमध्ये रात्रभर, पण २४ तासांच्या पुढे नाही, नाहीतर मांस पिठूळ होतं. पीठ दाबून लावल्यावर तुकडे जाळीवर वीस-तीस मिनिटं ठेवायचे, कोरडं पीठ ओलं होऊन घट्ट बसेपर्यंत. आवरण सोलून हातात येतं ते ही वीस मिनिटं वाचवल्यामुळे. तेल १७०च्या आसपास, तव्यात एका वेळी चारच तुकडे, जास्त टाकले की तेल गार होऊन पीठ ते पिऊन टाकतं. हाडाजवळ ७४ सेल्सियस म्हणजे शिजलं. मांडीचा तुकडा ८०च्या पुढे गेला तर उलट मऊ होतो. हाडाशी दिसणारी लाली म्हणजे कच्चं असं नव्हे, कोवळ्या कोंबडीच्या हाडातला मगज शिजताना बाहेर येतो. तापमापी खरी, रंग नाही. निथळायला कागद नाही, जाळी. कागदावर खालून वाफ धरते आणि दहा मिनिटांत साल लोळागोळा.

हे चिकन गारही चांगलं लागतं, आणि ते चांगलं लागावं यामागे साधी गरज होती. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं साउथ सोडून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेली. मिसिसिपीतून निघालेल्यांपैकी पुष्कळजण इलिनॉय सेंट्रलच्या गाडीने थेट शिकागोला उतरले. वर्णभेदामुळे वाटेतल्या हॉटेलांत आणि गाडीच्या डायनिंग कारमध्ये त्यांना बसू देत नसत, दिलं तर पडद्याआड. म्हणून बुटाच्या खोक्यात घरचं जेवण: तळलेलं चिकन, उकडलेली अंडी, ब्रेड, पाउंड केक. तुम्ही दर शनिवारी ते चार पदार्थ पुठ्ठ्याच्या खोक्यात एकत्र देता आणि त्याच्याशी कसलीही माहितीची पत्रिका जोडत नाही. विचारलं तरच सांगता. ते आम्हाला आवडतं.

बिस्किटाविषयी एकच, कारण नावाने गोंधळ होतो: हे चहात बुडवायचं बिस्किट नव्हे, हा पदर सुटणारा मऊ पाव. साउथमध्ये त्याचं पीठ मऊ हिवाळी गव्हाचं, टेनेसीत नॉक्सव्हिलला १८८३ साली सुरू झालेलं व्हाइट लिली त्यातलं प्रसिद्ध. इथल्या साध्या मैद्यात ग्लुटेन जास्त, बिस्किट चिवट होतं. ते पीठ मिळत नसेल तर निम्मा साधा मैदा आणि निम्मं केकचं पीठ हा तुमचा तोडगा चालतो. आणि साचा सरळ खाली दाबायचा, फिरवायचा नाही. फिरवला की कडा चिकटतात, बिस्किट एका बाजूला कलून फुगतं. भेंडी, चवळी आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर तुमच्याकडे गेली आणि आपल्याकडे वेगळ्या वाटेने आली. त्यावर लिहायला बसलं तर दुसरं पत्र होईल. तुमच्या भेंडी-टोमॅटोत भेंडी बुळबुळीत का होत नाही, हे मराठी बाईला कळायला एक घास पुरतो: धुऊन, पुसून, कोरडी करून मगच चिरलेली, आणि आंबटाची सोबत.

रताळ्याच्या पायमध्ये रताळी उकडत नाही, सालासकट तासभर भाजता, त्याबद्दल खास आभार. उकडली की पाणी पितात आणि सारण सैल होतं. हळूहळू तापताना रताळं स्वतःच्या पिष्टाची साखर करतं, त्यामुळे तुम्हाला वरून साखर कमी लागते. बिनलार्डच्या, लोण्याच्या पारीतली पाय तुम्ही गुरुवारी करायला लागलात ती आमच्यातल्या काहींच्या आग्रहामुळे, हे ठाऊक आहे. पारी लार्डइतकी खुसखुशीत होत नाही हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, आणि होतही नाही. तरी दर गुरुवारी ती संपते.

कळावे, लोभ असावा.

तुमच्या कोपऱ्यातल्या पातेल्याची मराठी गिऱ्हाइकं

ता. क. घरी नेणाऱ्यांसाठी तुम्ही तोंडी सांगता ते इथे लिहून ठेवतो. चिकनच्या डब्याचं झाकण गाडीत उघडं ठेवावं. दोन तासांत खावं नाहीतर फ्रिजमध्ये. गरम करायचं ते ओव्हनमध्ये, जाळीवर, २०० सेल्सियसला बारा-पंधरा मिनिटं, मायक्रोवेव्हमध्ये नाही. ग्रिट्स गार झाले की वडीसारखे घट्ट होतात. त्यांना दूध घालून परत सैल करता येतं, पण त्यापेक्षा काप करून तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी लाल करावेत. आणि टेबलावरची मिरच्या घातलेल्या व्हिनेगरची बाटली अर्ध्यावर आली की तुम्ही त्याच मिरच्यांवर पुन्हा गरम व्हिनेगर ओतता, ते दोन-तीनदाच चालतं. परवाच्या बाटलीत तिखटपणा उरला नव्हता, मिरच्या बदलायला झाल्यात.